तापली की बंद, गार झाली की चालू

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात स्कूटर पहिल्यांदा बंद पडली तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. कासच्या फुलांसाठी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि रांगेतला प्रत्येक जण काच खाली करून माझ्याकडं बघत पुढं जात होता. एकानं तर "काका, एक फोटो काढू का?" असंही विचारलं. फोटो स्कूटरचा हवा होता. मी बाजूला झालो.

आधी काही आवाज नाही, धक्के नाहीत. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये छान ओढत होती आणि दिव्याचं बटण दाबावं तसं इंजिन गप्प झालं. किका मारल्या. दहा, वीस. मग आमच्या वयाचा कुठलाही माणूस करेल तेच केलं. स्कूटर अंगावर वाकवली, थोडा वेळ धरली, सरळ केली, पुन्हा किक. काही नाही. शेवटी प्लग काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, फुंकर मारली, बसवला. पहिल्या किकला चालू.

प्लगमध्ये कचरा होता, असं घरी येऊन सांगितलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते.

"प्लग गेल्याच महिन्यात बदललाय," ते म्हणाले.

"मग असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

अण्णांच्या या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला अडीच महिने लागले.

ही स्कूटर म्हणजे प्रिया. नव्या पोरांना चेतक माहीत असते, प्रिया सांगावी लागते. 1975 साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यातच, आणि प्रिया तिथं तयार व्हायची. दीडशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन उजवीकडच्या डोमखाली, म्हणजे फुगीर पत्र्याच्या कव्हरखाली, गिअर डाव्या मुठीत, पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घालायचं. अण्णांनी ती 1984 साली घेतली. त्या काळी स्कूटरला नंबर लावावा लागे, आणि गावात बनणारी स्कूटर गावातल्या माणसालाही रांगेतूनच मिळे. माझी धाकटी बहीण दवाखान्यातून घरी आली ती आईच्या मांडीवर, याच स्कूटरच्या मागच्या सीटवरून. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चालवत नाहीत, पण रविवारी पुसतात, आणि दर पाच वर्षांनी तिची नोंदणी वाढवायला मला आरटीओत पाठवतात.

घाटातल्या प्रकारानंतर चारच दिवसांनी ती पुन्हा बंद पडली, बोगद्यापलीकडं, सज्जनगडच्या रस्त्यावर. या वेळी प्लग पुसूनही काही होईना. तासाभरानं ओळखीचा टेम्पो मिळाला, त्यातून ती साताऱ्याच्या करंजे भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. तिथं उतरवली आणि मिस्त्रींनी सहज एक किक मारली. चालू. माझं तोंड बघण्यासारखं झालं असावं, कारण मिस्त्री हसले.

"तापल्याव बंद पडती का?"

"हो."

"आन् गार झाल्याव चालू?"

"हो."

"मग कंडेन्सर. नायतर पॉइंट. बघू."

त्यांनी पंख्यावरचं कव्हर काढलं आणि मॅग्नेटच्या खिडकीतून बॅटरी मारून मला पॉइंट दाखवले. "आरं बाबा, बघ की कसं झाल्यात. डोंगरदऱ्या झाल्यात नुसत्या." खरंच तसेच होते. एका पॉइंटवर उंचवटा, समोरच्यावर तेवढाच खड्डा. मॅग्नेट ओढून काढलं, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे बसवले. फट लावायला फिलर गेज शोधला तर सापडेना. मग त्यांनी खिशातून दाढीच्या ब्लेडचं पाकीट काढलं, चार ब्लेडं एकावर एक ठेवली आणि पॉइंटांत सरकवली. एक ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर, चार म्हणजे 0.4, आणि या इंजिनाला हवी तेवढीच. मी घरी येऊन गेजनं तपासलं. बरोबर होतं.

तीन दिवस स्कूटर मस्त चालली. चौथ्या दिवशी कोरेगावच्या रस्त्याला बंद.

इथं या स्कूटरच्या करंटची गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर माझा पुढचा वेडेपणा कळणार नाही. ठिणगी पाडायला हिला बॅटरी लागत नाही. क्रँकच्या टोकाला मॅग्नेट असतं, म्हणजे आतल्या बाजूनं चुंबकं बसवलेलं जड चाक. ते एका प्लेटभोवती फिरतं आणि त्या प्लेटवर तांब्याच्या तारेच्या कॉइली असतात. दिव्यांच्या वेगळ्या, इग्निशनची वेगळी. या दुसरीला एलटी कॉइल म्हणतात. चुंबक समोरून गेलं की तिच्यात करंट खेळायला लागतो. तोवर पॉइंट मिटलेले असतात, करंट त्यांच्यातून निवांत अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जात असतो. नेमक्या क्षणी कॅम पॉइंट उघडतो. वाहत्या पाटात एकदम फळी टाकली तर पाणी उसळी मारतं, तशी ती उसळी बाहेरच्या एचटी कॉइलमध्ये शिरते. तिथं तिचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. ती उसळी उघडणाऱ्या पॉइंटांवरच चरचरून वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर. मिस्त्री लोकांच्या भाषेत या सगळ्या साखळीला एकच शब्द आहे. करंट आहे, किंवा करंट नाही.

कोरेगाव रस्त्याच्या प्रसंगानंतर मी साखळीतलं पुढचं कडं धरलं, एचटी कॉइल. संशयाला आधारही होता. ती इंजिनाला चिकटूनच बसवलेली असते, तापणारच, आणि तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं हे कुणीही सांगेल. एका दुकानदारानं सांगितलंही. त्यानं दिलेल्या नव्या कॉइलच्या पाकिटावर कंपनीचं नाव होतं, फक्त स्पेलिंग जरा वेगळं होतं. भर रस्त्यात बसून ती लावली. किक मारली, चालू. दोन दिवस चालली.

मग प्लग कॅप बदलली. चालू. मग मिस्त्रींच्या बसवलेल्या कंडेन्सरवरच शंका आली, म्हणून दुसरा. चालू. आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत, दहा-बारा किलोमीटर सलग चालवली की पुन्हा तेच. अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय बदललंस?" त्यांचं स्वतःचं निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. हल्लीच्या पेट्रोलला दम नाही, त्यात इथेनॉल घालतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला वाटलं, सापडलं. पोवई नाक्यावरून डावीकडं वळत होतो आणि इंजिन बंद पडलं. हँडल सरळ केलं तर गाडी चालत्या वेगावर आपोआप पुन्हा सुरू. घरी येऊन इंजिन चालू ठेवलं आणि हँडल हळूहळू डावीकडं फिरवलं. एका ठराविक जागी बंद. पुन्हा चालू करून पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी बंद.

प्रियाचं इंजिन बंद करायचं बटण काही तोडत नाही, उलट जोडतं. एलटी कॉइलचा करंट ते थेट बॉडीला देऊन टाकतं, मग प्लगला काही उरत नाही. त्या बटणाकडं जाणारी वायर हँडलच्या नळीतून खाली उतरते. हेडलाइट उघडून बघितलं तर चाळीस वर्षं पत्र्याच्या कडेवर घासून वायरचं आवरण गेलेलं, आतली तांब्याची तार चकाकत होती. हँडल डावीकडं फिरलं की ती पत्र्याला टेकायची, म्हणजे मी न दाबताच बटण दाबलं जायचं. घाटातली पहिली जागा आठवली. वळणच होतं की ते! सज्जनगडच्या रस्त्याला? तिथंही वळण असणारच.

नवी वायर ओढली, वर स्लीव्ह चढवली, आणि त्या संध्याकाळी राजवाड्यावरून अर्धा किलो कंदी पेढे आणले. अण्णांनी दोन खाल्ले. "वायर होती होय," म्हणाले. इथेनॉलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पेढे संपायच्या आत स्कूटर वाढे फाट्याच्या पुढं बंद पडली. सरळ रस्ता, हँडल नाकासमोर.

त्या दिवशी मी खरंच वैतागलो होतो. हत्यारांची पिशवी काढली, डोम उघडला, आणि पाना हातात घेतो तोच ऑफिसातून फोन आला. मी एका साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. गाळप हंगाम तोंडावर, एका ताळेबंदात काहीतरी जुळत नव्हतं. लिंबाखाली दगडावर बसून मी अर्धा तास आकडे सांगत होतो. फोन ठेवला, पाना तसाच हातात. काहीतरी करायचं म्हणून एक किक मारली.

चालू झाली.

मी डोम हातात धरून तसाच उभा राहिलो. प्लगला हात लावला नव्हता. कॉइल, कंडेन्सर, कॅप, कशालाही नाही. मग गेला महिनाभर मी नेमकं काय दुरुस्त करत होतो? प्लग पुसायला वीस मिनिटं लागली होती. टेम्पो मिळून मिस्त्रींकडं पोचायला दीड तास. एचटी कॉइल रस्त्यात बसवायला चाळीस मिनिटं. प्रत्येक दुरुस्तीला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात इंजिन गार होत होतं, आणि गार झालं की ते चालू होणारच होतं, मी काहीही केलं असतं तरी. त्या अर्ध्या तासात मी रस्त्याकडेला बसून हरिपाठ म्हटला असता तरी यश आलंच असतं.

हिशेबनीस माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, कारण ही चूक आमच्या धंद्यातली आहे. दोन नोंदी एकाच तारखेला पडल्या की एक दुसरीमुळं पडली असं वाटतं. त्यातून घासलेल्या वायरीनं आणखी घोळ घातला. तो दोष खरा होता, दुरुस्तीही खरी होती, म्हणून सगळंच मिटलं असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात स्कूटरला दोन वेगवेगळे आजार होते आणि मी एकाच्या औषधावर दोघांना बरं करून टाकलं होतं.

त्या रात्री एक जुनी वही घेतली आणि पानावर चार रकाने आखले. किती वाजता निघालो, किती किलोमीटरवर बंद पडली, किती वेळानं चालू झाली, मधे काय केलं. शेवटच्या रकान्यात पुढचे आठ दिवस मी एकच शब्द लिहिला. 'काही नाही'.

बायको म्हणाली, "बिघडवून आणायला रोज बाहेर जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तिचं चुकत नव्हतं. पण आठ दिवसांत वहीनं सांगितलं ते असं: सकाळच्या गारव्यात चौदा-पंधरा किलोमीटर, दुपारच्या उन्हात नऊ ते अकरा, चढ असला तर आणखी कमी. आणि काहीही न करता साधारण अठरा ते पंचवीस मिनिटांत परत चालू. इतका नियमितपणा माझ्या ऑफिसातल्या माणसांतही नाही. एवढा नेम धरून कचरा वागत नाही, ढिली वायरही वागत नाही. काहीतरी तापून तुटत होतं आणि गार होऊन जुळत होतं.

आता प्रश्न असा की ते 'काहीतरी' गार व्हायच्या आत कसं पकडायचं. त्यासाठी तयारी हवी. एक जादा प्लग डिक्कीत ठेवला, तार सलग आहे की तुटलीय ते सांगणारा मल्टीमीटर ठेवला, डोमची पकड आधीच सैल करून बघितली. बंद पडल्यापासून पहिल्या दोन मिनिटांत जे समजेल तेच खरं, पुढचं सगळं खोटं, असं ठरवून टाकलं.

पहिली तपासणी अण्णांच्या बाजूनं केली. त्यांचा पेट्रोलवरचा संशय अगदीच पोकळ नव्हता. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी अशीच लक्षणं येतात. पेट्रोल खाली उतरत जातं, टाकीत हवा शिरत नाही, गाडी काही अंतर चालून उपाशी मरते आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते. मात्र अशा वेळी झाकण उघडलं की सूं करून हवा आत ओढली जाते. बंद पडल्या क्षणी सीट उचलून झाकण उघडलं. आवाज नाही. झाकण घट्ट लावून टाकलं आणि लगेच जादा प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडच्या पंखांना टेकवली. सिलिंडरमधला प्लग जागेवरच ठेवला होता, म्हणजे पेट्रोलच्या वाफा बाहेर यायला नकोत. हातानं किक दाबली. भर उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून वर टोपी धरली होती. एकदा, दोनदा, पाचदा. काही नाही. तीच गोष्ट वीस मिनिटांनी केली तेव्हा निळी, टचकन् आवाज करणारी ठिणगी.

म्हणजे पेट्रोल सुटलं. करंटच नव्हता.

दुसऱ्या फेरीत बटणाची वायर जंक्शन बॉक्समधूनच, म्हणजे सगळ्या वायरी जिथं जोडलेल्या असतात त्या डबीतूनच, काढून ठेवली. नवी असली तरी तिच्यावर आता विश्वास नव्हता. (यात अडचण एकच. इंजिन बंद कसं करायचं? गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडायचा. अण्णांना ते बघवत नाही.) तरीही तापल्यावर बंद. म्हणजे बटण आणि त्याची वायर सुटली.

उरली एलटी कॉइल, जी मॅग्नेटच्या आत असते आणि जिच्याकडं आजवर कुणी बघितलंच नव्हतं. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ती सहसा जात न्हाई." सहसा हा शब्द मी तेव्हा सोडून दिला.

पुढच्या वेळी बंद पडताच मीटर लावला. मॅग्नेट हातानं फिरवून पॉइंट उघडे ठेवले, कारण पॉइंट मिटलेले असतील तर मीटर त्यांच्यातूनच अर्थला जातो आणि कॉइलबद्दल काहीच सांगत नाही. जंक्शन बॉक्सवर एक टोक, बॉडीवर दुसरं. आकडा छान आला, घरी गार असताना आला होता जवळजवळ तेवढाच. मी निराश झालो. कॉइल चांगली, पॉइंट चांगले, कंडेन्सर चांगला, आणि करंट नाही. देवाचं नाव घ्यायची पाळी.

चूक रात्री कळली, झोप येत नव्हती तेव्हा. मी बाहेरची एचटी कॉइल सोडवलीच नव्हती. तिचं प्राथमिक वेटोळंही त्याच जंक्शन बॉक्समधून निघतं आणि बॉडीला जाऊन मिळतं. दोन वाटा समांतर आहेत. एक तुटली तरी दुसरीतून मीटरला रस्ता मिळतोच. मीटर मला इमानेइतबारे एचटी कॉइलचा आकडा दाखवत होता आणि मी तो एलटीच्या खात्यावर टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागलो, मुद्दाम चढावर. घाट संपायच्या थोडं आधी बंद पडली. एवढा आनंद मला गाडी चालू झाल्यावरही कधी झाला नसेल. डोम काढला, एचटीची वायर सोडवली, पॉइंट उघडे, मीटर लावला. पडद्यावर 'ओएल'. म्हणजे रस्ताच नाही, तार तुटलेली.

मग मी मीटर तसाच लावून ठेवला आणि कठड्यावर बसलो. खाली सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा. दर दोन मिनिटांनी मान वाकवून आकडा बघत होतो. ओएल. ओएल. एक बुलेटवाला थांबला, "काही मदत हवी का?" म्हणाला. "थांबलोय, गार व्हायची वाट बघतोय," म्हणालो. त्याला ते समजलं नसावं, पण तोही बसला. सतराव्या मिनिटाला आकडा लुकलुकला, गेला, पुन्हा आला. उड्या मारत होता. विसाव्या मिनिटाला स्थिर झाला, सकाळी घरी टिपलेल्या आकड्याला. मी त्या अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन हलवला.

घरी येऊन खात्री केली. मॅग्नेट पुलरनं ओढून काढलं. आतली प्लेट काढायच्या आधी तिच्या कडेवर आणि केसिंगवर मिळून एक आडवी रेघ मारली, कारण टायमिंग त्या प्लेटच्या फिरण्यावर असतं. रेघेला रेघ जुळवली की जसं होतं तसं बसतं. प्लेट स्वयंपाकघराच्या टेबलावर घेतली. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागितला तेव्हा ती फक्त "धुऊन दे" म्हणाली. एलटी कॉइलवर गरम हवा मारली आणि सहा-सात मिनिटांत मीटर ओएल. ड्रायर बंद केला, काही वेळानं आकडा परत. हे मी अण्णांना बोलावून तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कळलं रे. आता नवीन आण."

नवीन कुठून आणणार? साताऱ्यात चार दुकानं फिरलो. एका काउंटरवरच्या पोरानं "प्रिया? कुठली कंपनी?" असं विचारलं. ज्या गावात ती जन्मली तिथं तिला ओळखणारं कुणी राहिलं नाही. पुण्याला नाना पेठेत एका दुकानात कॉइल मिळाली, पण ती चेतकच्या पुढच्या मॉडेलची. आमच्या प्लेटवर बसेना, स्क्रूची भोकंच जुळत नव्हती. ती परत घेतली नाही त्यांनी.

शेवटी मिस्त्रींनीच वाट दाखवली. "नवी कशाला? भरून घे की."

कोरेगाव रस्त्याला विहिरीच्या मोटारी भरणारा एक माणूस आहे. दुकानात गेलो तर जळालेल्या मोटारींची रांग आणि तेवढीच शेतकऱ्यांची. ज्वारीच्या पेरण्या उरकलेल्या, पाण्याची घाई, आणि मी खिशातून सुपारीच्या डबीएवढी कॉइल काढतोय. लाज वाटली. त्यानं ती उलटसुलट केली आणि हसला. "एवढीशी? बसा."

वरची पट्टी उलगडली तशी ती भुग्यासारखी हातात आली. मग तो एक-एक वेढा सोडवत, तोंडानं मोजत गेला. मधे एका शेतकऱ्यानं काही विचारलं तर नुसता हात वर केला, मोजणी मोडली नाही. सगळ्यात आत, जिथं तारेचं टोक अर्थच्या पत्तीला डागलेलं होतं, तिथं तो थांबला आणि मला भिंग दिलं. डाग काळा-हिरवा पडलेला. तार पत्तीला नुसती टेकून उभी होती, धरलेली नव्हती. नखानं हलवली तर हलली.

"हे बघा तुमचं भूत," तो म्हणाला. "गार हाय तवर टेकतंय. तापलं की पत्ती फुगती, तार सुटती."

मी म्हटलं, "मग नुसतं डागून चालेल?"

"चालंल. पन वरचं वार्निश गेलंय समदं. आज हे डागशीला, पावसाळ्यात दुसरीकडं शॉर्ट हुईल. आता उकललंयच तर भरू."

त्यानं त्याच जाडीची नवी तार घेतली, जेवढे वेढे निघाले होते तेवढेच घातले, आतलं टोक घासून, चमकवून डागलं, वार्निशमध्ये बुडवलं आणि रात्रभर दोनशेच्या बल्बखाली वाळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पैसे विचारले तर साडेतीनशे म्हणाला. मी आजवर सुट्या भागांवर एकवीसशे घालवले होते, नाना पेठेचं एसटीचं भाडं वेगळं.

बसवताना एक घोळ झाला. कॉइलचे स्क्रू आवळले, मॅग्नेट चढवलं, किक मारली तर आतून खर्र खर्र. कॉइलचं लोखंड मॅग्नेटला घासत होतं. स्क्रूच्या भोकांत थोडी जागा असते, त्यामुळं कॉइल केसभर बाहेर बसली होती. पुन्हा सगळं काढून ती आत दाबली, आवळली, मॅग्नेट हातानं गोल फिरवून कान लावला. रेघेला रेघ जुळवली. पॉइंटांत गेज घालून 0.4. आणि बटणाची वायर परत जोडली, अण्णांच्या समाधानासाठी.

परीक्षा कशी घ्यायची हे आता ठाऊक होतं. गार इंजिन चालू होण्याला काही अर्थ नाही, ते कायमच होत होतं. भर दुपारी घाट चढलो. यवतेश्वर मागं टाकलं, न थांबता तडक कासपर्यंत गेलो. फुलं केव्हाच संपली होती, पठार तपकिरी पडलेलं, माणूस नाही. तिथं हेडजवळ हात नेला तर लांबूनच चटका बसत होता. बटण दाबून इंजिन बंद केलं, वीस आकडे मोजले आणि किक मारली. चालू. पुन्हा बंद, पुन्हा किक. असं सहा वेळा केलं आणि वहीत लिहिलं. पंचवीस किलोमीटर, बंद पडली शून्य वेळा. शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, मोकळा ठेवला.

पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात या अडीच महिन्यांचा माल जमला होता. तीन प्लग, एक प्लग कॅप, दोन कंडेन्सर, एक एचटी कॉइल, आणि नाना पेठेतली ती न बसणारी कॉइल. एका रविवारी सगळं मीटरवर तपासलं. जुने पॉइंट तेवढे खरंच गेले होते, ते मिस्त्रींनी तेव्हाच फेकले. बाकी सगळं ठणठणीत. मी झाकणावर मार्करनं 'चांगले' असं लिहिलं.

अण्णांनी चष्मा वर करून ते वाचलं. "आणि जे वाईट होतं ते कुठाय?"

ते मोटारी भरणाऱ्याकडं, तांब्याच्या मोडीत राहिलं होतं.